आवक शिक्का

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली निघाली आणि तिच्याविषयी मत नसलेला माणूस मिळणं मुश्कील झालं. वाचलेल्यांना मत असतं. न वाचलेल्यांचं तर फारच ठाम असतं. या मतांचे माझ्या हिशेबी चार प्रकार आहेत.

पहिला विद्वानांचा. “भाषा अगदीच सामान्य हो!” असं म्हणून ते पुस्तक तिसऱ्या दिवशी वाचनालयात परत करतात. एरवी त्यांच्याकडे पुस्तकं महिना महिना माहेरपणाला असतात. दुसरा प्रकार दुखावलेल्यांचा. येशूचं लग्न, त्याचा वंश आणि तो वंश जपणारी गुप्त मंडळी, हे ऐकून भाविक माणसाला राग येणारच. २००६ साली चित्रपट आला तेव्हा आपल्या सेन्सॉरनं ‘हे सारं काल्पनिक आहे’ अशी पाटी त्याला जोडायला लावली. तिसरा प्रकार सुखी जीवांचा : “गोष्टच आहे ना? मग मजेत वाचा की!”

चौथा मात्र हातातला चहा खाली ठेवून, आवाज उतरवून सांगतो, “सगळं खरं आहे. पहिल्याच पानावर छापलंय!”

छापलंय खरं. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संस्था १०९९ साली स्थापन झाली आणि तिच्या सभासदांची नावं सांगणारे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७५ साली सापडले, असं ते पान म्हणतं. सभासद कोण? लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो! असे जामीनदार मिळाल्यावर कर्ज कोण नाकारील?

पण बँकेत जन्म घालवलेला माणूस जामीनदाराच्या नावाला भुलत नाही. खातं कधी उघडलं ते आधी बघतो. हे खातं उघडलं १९५६ साली. प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थानं आणखी तिघांना घेऊन फ्रान्समधल्या आनमास गावी संस्था काढली आणि कायद्याप्रमाणे तिची सरकारदरबारी रीतसर नोंदणी केली. गुप्त संस्थेनं नोंदणी करणं म्हणजे चोरानं जाताना पावती मागण्यासारखं आहे! ‘सायन’ हे नाव जवळच्या एका डोंगराचं. संस्थेचं नियतकालिक स्वस्त भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडत असे. न्यूटनला त्यात फारसा रस असेल असं वाटत नाही.

मग ते कागद? ते प्लांतार मंडळींनीच १९६०च्या दशकात ग्रंथालयात नेऊन ठेवले होते. ग्रंथालयानं ते घेतले, त्यांना क्रमांक दिला. आमच्याकडेही कुणी काहीही लिहून आणलं तरी आवक कारकून त्यावर शिक्का मारतो. शिक्क्याचा अर्थ ‘कागद मिळाला’ एवढाच. ‘मजकूर खरा आहे’ असा शिक्का अजून कुठल्याच कचेरीत निघालेला नाही. इतिहासाच्या नावानं चाललेली कितीतरी भांडणं या दोन शिक्क्यांच्या गल्लतीतून होतात.

प्लांतारला खजिनाही हवा होता. तो दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ले-शातो या खेड्यात तयारच होता. तिथं १८८५ साली आलेल्या बेरांजे सोनिएर या पाद्र्यानं चर्च नटवलं, मनोरा बांधला, बंगला उठवला. एवढा पैसा आला कुठून? पुढं त्याच बंगल्यात हॉटेल काढणाऱ्यानं १९५०च्या दशकात गुप्तधनाची कथा पसरवली. हॉटेल चालायला हवं ना! खरं उत्तर पाद्र्याच्याच वह्यांत होतं. मृतांसाठी मिस्सा म्हणायचे पैसे तो टपालानं ठिकठिकाणाहून गोळा करी. मिस्सा इतक्या झाल्या की त्या म्हणून संपवणं एका माणसाला शक्यच नव्हतं. १९१०-११ मध्ये धर्मपीठानं त्याच्यावर खटलाही चालवला. कादंबरीत खून होतो त्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्याचं आडनाव या पाद्र्याचंच आहे.

आम्हाला बी.कॉम.ला ‘ॲकॉमोडेशन बिल’ शिकवत. मालाची देवघेव नसताना दोन मित्र एकमेकांच्या हुंडीवर सह्या करतात आणि बँकेतून पैसे उचलतात. इथं तेच झालं. प्लांतारच्या कागदांवर १९६७ साली जेरार द सेदचं पुस्तक निघालं, त्या वाटेनं १९८२ साली इंग्रजीत ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ आलं आणि त्यावरून ही कादंबरी. प्रत्येकानं आधीच्याची सही पाहिली. गोदाम उघडून कुणी बघितलं नाही.

१९९३ साली एका फ्रेंच न्यायाधीशानं प्लांतारच्या घराची झडती घेतली, तेव्हा आपण हे सगळं रचलं होतं हे त्यानं शपथेवर कबूल केलं. २००० साली तो वारला.

हा सगळा ताळेबंद मी एका चौथ्या प्रकारच्या वाचकापुढे मांडला. त्यानं तो शांतपणे ऐकला, दार नीट लावलंय ना ते पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाला, “कबूल केलं की करायला लावलं?”