राजाची उडी

कुठल्याही बैठ्या खेळाचा पहिला अर्धा तास खेळण्यात जात नाही, कायदे करण्यात जातो. पट पसरून झालेला असतो, सोंगट्या मांडून झालेल्या असतात, फासा कुणीतरी मुठीत खुळखुळवून तोंडाजवळ नेलेला असतो आणि तेवढ्यात घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत भांडखोर माणूस विचारते, "थांबा, आधी ठरवा. लागोपाठ तीन सहा पडले तर काय?" झाले, अधिवेशन सुरू! एक म्हणतो तिन्ही फुकट, दुसरा म्हणतो फक्त तिसरा फुकट, तिसरा म्हणतो अठरा घरे सरळ पुढे. खेळाच्या खोक्यात नियमांचा छापील कागद असतो म्हणतात. पण खोके घरात आल्यावर सगळ्यांत आधी हरवतो तो हाच कागद. आणि सापडला तरी उपयोग नसतो, कारण एका वाक्यापुढे त्याचे काही चालत नाही. ते वाक्य म्हणजे, "आमच्याकडे असं नसतं."

माझे आजोळ पडघ्याचे. मुंबई-आग्रा रस्त्याने भिवंडी मागे टाकून नाशिककडे निघाले की हे गाव लागते. रस्त्यावरच्या गावाला पाहुणे दोन्ही बाजूंनी येतात आणि पाहुण्यांबरोबर त्यांचे नियमही येतात. मे महिन्यात गिरगावातली मावसभावंडे एका एस्टीतून उतरत, नाशिकची दुसऱ्या एस्टीतून. लुडोत सोंगटी मारली की गिरगावात आणखी एकदा फासा टाकायला मिळे, नाशकात मिळत नसे. आम्ही पडघेकर दोन्ही कायदे शिकलो आणि ज्या वेळी जो सोयीचा पडेल तो लावू लागलो. पुढे आमच्यातले दोघे वकील झाले, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही.

व्यापाराच्या डावात तर खोट्या नोटांसाठी खरी मारामारी होई. या खेळाची गंमत मला फार उशिरा कळली. त्याचा मूळ पट एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने काढला आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. जमीनदार नुसता बसून भाडे खातो आणि बाकीचे कंगाल होतात, हे लोकांना दाखवावे हा तिचा हेतू. तिने एकाच पटासाठी दोन कायदे केले. एकात पैसा सगळ्यांना वाटला जाई, दुसऱ्यात एकजण सगळे गिळंकृत करी. लोकांनी कुठला उचलला हे सांगायला नकोच. १९३५ पासून तो दुसरा कायदाच मोनॉपली या नावाने जगभर विकला गेला. आज पडघ्याच्या चहूबाजूंना गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. भाताची खाचरे होती तिथे पत्र्याची छपरे लखलखतात. ज्यांनी लहानपणी आमच्या ओटीवर खोट्या नोटा मोजल्या, त्यांतल्या काहींनी पुढे खऱ्या मोजल्या, काहींनी नुसत्या बघितल्या. असो.

पण हा झाला पोरखेळ. खरा खटला ओटीच्या दुसऱ्या टोकाला चाले. तिथे मामा आणि शाळेतले गुरुजी बुद्धिबळे मांडून बसत. पट कापडी होता आणि मोहरी लाकडी होती. एक उंट कधीकाळी हरवला होता, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे बूच उभे असे. मामा देशी पद्धतीने खेळत. गुरुजींनी कल्याणहून एक पुस्तक आणले होते आणि तेव्हापासून ते पुस्तकाप्रमाणे खेळत. म्हणजे दोघे एकाच पटावर दोन निरनिराळे खेळ खेळत होते, आणि ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

देशी पद्धत म्हणजे काय, हे आज सांगावे लागेल. हिच्यात प्यादे पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर सरकते. इंग्रजीतल्यासारखी दोन घरांची उडी त्याला नाही. आणि ती नाही म्हणून, दोन घरे पळालेल्या प्याद्याला जाता-जाता मारण्याचा तो नवशिक्याला रडवणारा नियमही नाही. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, मात्र तोवर त्याला एकदाही शह लागलेला नसला पाहिजे. समोरासमोरचे राजे एका रेषेत नसतात. राजापुढे शत्रूचा वजीर असतो. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचले त्याचेच रूप घेते. हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट. राजाच्या रांगेत पोचले तर मात्र वजीर होते, कारण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. गावोगाव थोडाफार फरक असे, पण ढाचा हाच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बुर्जी. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरवलात, तर तुम्ही जिंकत नाही. डाव बुर्जी होतो, म्हणजे बरोबरीत सुटतो. दुसऱ्याला नागवणे म्हणजे जिंकणे नव्हे! जिंकणाऱ्याने त्याचे एखादे तरी मोहरे जिवंत ठेवून मात करायची. त्यातही वजिराने केलेली मात साधी आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. मामा प्यादी मातीसाठी अर्धा-अर्धा तास डाव लांबवीत. तीन खेळ्यांत संपणारा डाव ते तेरा खेळ्यांवर नेत. "घाई कसली आहे? वजिरानं काय कुणीही मारील," असे म्हणत आणि अडकित्ता उचलत.

भांडण झाले ते यातूनच. एका संध्याकाळी गुरुजींचे एकच प्यादे उरले होते. मामांच्या हाताशी वजीर, हत्ती, घोडा, सारे काही. पण ते प्यादे मारले की बुर्जी! म्हणून मामांनी त्याला दावणीच्या बकरीसारखे राखले आणि आपले एक प्यादे मातीसाठी पुढे सरकवू लागले. गुरुजींची बकरी गुपचूप चालत-चालत हत्तीच्या रांगेच्या शेवटी पोचली. गुरुजी म्हणाले, "वजीर." मामा म्हणाले, "हत्ती." गुरुजींनी पुस्तक उघडले. मामा म्हणाले, "पुस्तक मिटा. माझ्या दयेवर जगलेलं प्यादं ते. त्याचा वजीर कसला करता?"

तसा गुरुजींचा वजीर कायद्याने बरोबर होता आणि मामांचा हत्तीही कायद्याने बरोबर होता. कायदे दोन होते, एवढेच. "अहो, हा अस्सल आपला देशी खेळ आहे," मामा ओटी दणाणून सोडीत म्हणाले, "विलायती कायदे मला सांगू नका." पुढे मी या विषयावर थोडेफार वाचले तेव्हा मामांच्या या वाक्याचे मला फार हसू आले. शह फारसी, मात अरबी-फारसी, वजीर अरबी, प्यादा फारसी. अस्सल आपले म्हणायला ते राजा, घोडा, हत्ती आणि उंट, आणि 'बुद्धिबळ' हे नाव. बरे, मामांचा तो पटभर धावणारा वजीर? जुन्या खेळात तो एक तिरके घर सरकणारा गरीब मंत्री होता. त्याला हा वेग पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाला आणि तो पुढे आपल्याकडे येऊन देशी होऊन बसला. मामांच्या अस्सल देशी फौजेचा सेनापतीच विलायती होता.

गुरुजींच्या पुस्तकाचीही कथा फारशी वेगळी नाही. इंग्रजी नियम म्हणजे काही दगडावर कोरलेले शासन नव्हते. समोरच्या राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही, असा पेच पडला तर आज डाव बरोबरीत सुटतो. पण खुद्द इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत असा पेच पाडणाराच हरत असे! आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तशी खेळीच करू देत नसत. जागतिक बुद्धिबळ संघटना पॅरिसला स्थापन झाली १९२४ साली आणि तिने नियम ठरवून दिले ते त्यानंतर. तोवर लंडनचे आणि पॅरिसचे खेळाडूसुद्धा एकमेकांना "आमच्याकडे असं नसतं" हेच आपापल्या भाषेत म्हणत असणार.

या दोन कायद्यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी पडली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडितांनी बुद्धिबळातल्या अवघड स्थितींवर संस्कृतात ग्रंथ लिहिला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबईत १८१४ साली छापले गेले आणि ते युरोपियन खेळपद्धतीला जुळवून घेतले आहे, असे त्याच्या नावातच म्हटले होते. पेशवाई बुडायला अजून चार वर्षे होती, पण पटावर तहाची बोलणी सुरू झाली होती. पुढे १८९३ साली विनायक राजाराम टोपे यांचे बुद्धिबळावरचे मराठी पुस्तक पुण्यात निघाले. मरे नावाच्या इंग्रजाने १९१३ साली बुद्धिबळाचा जाडजूड इतिहास लिहिला, त्यात इथली पद्धत सांगताना त्याला या मराठी पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. हे गुरुजींना ठाऊक असते तर पुस्तक मिटायला त्यांनी इतकी खळखळ केली नसती. मामांना ठाऊक नव्हते हेच बरे झाले.

देशी पद्धतीवर वाढलेला सगळ्यांत मोठा खेळाडू म्हणजे पंजाबातला मीर सुलतान खान. त्याने परके नियम शिकून घेतले आणि १९२९ साली थेट ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकले. म्हणजे साहेबाला साहेबाच्याच कायद्याने हरवले. पण त्यासाठी राजाची उडी घरी ठेवून जावे लागले. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे अजिंक्यपद आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. स्पर्धा म्हटली की कायदा एकच हवा, यात वाद नाही. सांगलीच्या उडीला मद्रासने हरकत घेतली तर निकाल कोणी द्यायचा? पण कुणी बंदी न घालता, कुणी ठराव न करता देशी पद्धत ओट्यांवर जाऊन बसली आणि ओट्यांवरची माणसे एकेक करून उठत गेली. नियम माणसासारखा एकटा जगत नाही. त्याला कबूल म्हणणारा दुसरा समोर लागतो.

मामांना तो दुसरा गुरुजींच्या रूपाने लाभला होता, याची जाण घरात एकट्या मामीला होती. हत्ती-वजिराच्या भांडणानंतर गुरुजी पंधरा दिवस फिरकले नाहीत. मामा रोज संध्याकाळी पट मांडीत आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत. सोळाव्या दिवशी मामीने आम्हा पोरांपैकी एकाला गुरुजींकडे पिटाळले, निरोप देऊन : "एक डाव यांच्या नियमानं, एक तुमच्या. चहा दोन्हीला मिळेल." गुरुजी आले. त्यानंतर कित्येक वर्षे ओटीवर आलटून पालटून दोन राज्ये चालली. मधेच कुणी विसरले, गुरुजींच्या डावात मामांनी उडी मारली किंवा मामांच्या डावात गुरुजींनी किल्लेकोट केला, तर आतून मामीचा आवाज येई, "आज इंग्रजी आहे." तिने पट हातात घेतल्याचे कुणी पाहिले नव्हते. पण दोन्ही कायदे तोंडपाठ असलेले माणूस घरात ते एकच होते.

मग १९७६ साल आले. त्या आधी दोनच वर्षे, १९७४ साली, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली होती आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती. आता त्यांची धाकटी बहीण रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. फ्रॉक घालण्याच्या वयाची मुलगी, आणि तिने चांगल्या मिशीवाल्यांना हरवले! केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि प्रश्न जागतिक संघटनेकडे पोचला : बाईने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे असे नियमात आहे का? अध्यक्ष होते हॉलंडचे मॅक्स युवे, एकेकाळचे जगज्जेते आणि पेशाने गणिताचे मास्तर. त्यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना वगळता येणार नाही. रोहिणी खाडिलकर पुढे १९८१ साली आशियाची पहिली महिला विजेती झाली.

गुरुजींनी ही हकीकत ओटीवर मोठ्याने सांगितली. जगाचा कायदा एका मास्तराने केला, याचाच त्यांना विशेष आनंद होता. मामा म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या देशी नियमात तरी कुठं म्हटलंय, बाईनं खेळू नये म्हणून?"

मामी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "चहा कुणी करायचा, तेही म्हटलेलं नाही ना?"

मामांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी पुस्तकाकडे पाहिले. मामांनी कधी नव्हे ते चपळाईने उठून कप तिच्या हातातून घेतले आणि ती त्यांच्या जागेवर बसली. दिवस इंग्रजीचा होता. तिने बुचाचा उंट नीट मधोमध सरकवला, राजाच्या डोक्यावर बोट ठेवले आणि पट न्याहाळत विचारले, "उडी आहे ना?"

गुरुजींनी मिटलेले पुस्तक मांडीखाली सारले आणि म्हणाले, "आहे."