दुष्काळाच्या वाटेवरचा कॅमेरा



या व्यासपीठावरून विद्वान मंडळींनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मोफत वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटांवर झाले. तेव्हा कलेच्या इतिहासावर मी बोलणार असे कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यात आपला दोष नाही. मला कलेतले फारसे कळत नाही. परंतु एका फोटोग्राफरची आणि त्याच्या मित्रांची हकिगत मी बरीच वर्षे मनात बाळगून आहे, आणि तिच्याकडे मी कसा वळलो हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

१९९४ सालची गोष्ट. माझ्या बैठकीतले मित्र सगळे कलावंत होते. अर्थात पोटापाण्यापुरते कलावंत. एक दुकानांच्या पाट्या रंगवी, एक गणपतीच्या सजावटीचे पडदे करी, एक डफ वाजवी. मला यांतले काहीच येत नसे. म्हणून एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या गृहस्थाचा जुना कॅमेरा मी दोन दिवसांसाठी मागून आणला आणि आमच्या गेटसभेचे फोटो काढावयाचे ठरविले. छत्तीस फोटोंचा रोल पदरचे पैसे घालून आणला. पाटीवाला मित्र शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसला. मी सपासप खटके दाबीत होतो. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी रोल संपेना, तेव्हा मला वाटले, दुकानदाराने चार फोटो फुकट दिले! रोल धुवून आला तो काचेसारखा कोरा. कडेला फक्त छापील आकडे. फिल्मचे टोक पलीकडच्या चक्रीत नीट अडकलेच नव्हते. चाळीस वेळा खटका दाबूनही फिल्म जागची हलली नव्हती.

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती. पण त्या सभेत बोललेले आमचे एक वृद्ध फिटर दिवाळीच्या आत वारले आणि त्यांची मुलगी फोटो मागावयास आली. माझ्यापाशी द्यावयाला काही नव्हते. पाटीवाल्याने मात्र त्या दिवशी त्यांचे एक चित्र काढले होते. त्यांच्या घरी भिंतीवर हार घातलेले आहे ते तेच पेन्सिलचे चित्र.

तेव्हापासून फोटो आणि चित्र यांच्या नात्याविषयी काही वाचावयास मिळाले की मी सोडत नसे. असेच वाचता वाचता सुनील जाना आणि चित्तप्रसाद ही दोन नावे एकत्र भेटली. त्यांच्या बाबतीत माझ्या उलट घडले होते. चित्रे जळली आणि फोटो राहिले.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, असे आपण म्हणतो. ‘पडला’ हा शब्द मला पटत नाही. आभाळातून पडावा तसा तो पडलेला नव्हता. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला व तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. त्यांबरोबर कोळ्यांची व नावाड्यांची पोटे गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धखर्चाने भाव चढले, साठेबाजांनी ते आणखी चढविले, आणि ज्याच्या हातात रोजची मजुरी एवढेच भांडवल तो शेतमजूर सर्वांआधी मेला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. आणि हे चालू असताना दिल्ली व लंडन येथे ‘दुष्काळ’ हा शब्द उच्चारावयास कोणी राजी नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, म्हणजे इंग्रजांच्याच मालकीच्या पत्राने, रस्त्यावर मरणाऱ्यांचे फोटो छापले, तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडू लागले. शब्द अडविता येतो. फोटो अडविणे त्या मानाने कठीण, हे त्या दिवशी दिसले.

या काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी होते. त्या पक्षाने १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाला पाठ दाखविली, हे मी विसरलेलो नाही आणि आपणही विसरू नये. पण जोशींच्या अंगी एक गुण होता, जो पुढाऱ्यांत क्वचित आढळतो. कोणाच्या हातात काय आहे हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळत असे. कलकत्त्यात त्यांना पंचविशीचा एक विद्यार्थी भेटला. जन्म आसामातील दिब्रुगडचा, इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास चाललेला, आणि फोटो काढणे हा त्याचा केवळ छंद. तोच सुनील जाना. जोशींनी त्याला अभ्यास सोडावयास लावला आणि दुष्काळी भागात बरोबर घेतले. दुसरा सोबती चित्तप्रसाद. तो अठ्ठावीस वर्षांचा, चितगावच्या शेतकरी चळवळीतून आलेला, कोणत्याही कलाशाळेत न शिकलेला. भट्टाचार्य हे आपले आडनाव त्याने टाकून दिले होते, कारण त्यातून जात कळते. जोशी लिहीत, चित्तप्रसाद शाईने रेखाटीत, जाना फोटो काढीत.

येथे मी जरा थांबतो, कारण कामगार म्हणून मला या तिघांच्या कामाची विभागणी फार मोलाची वाटते. चित्तप्रसादाच्या रेषेला छपाईत फारसा त्रास नव्हता. काळी रेष असेल तर साधा लाइन ब्लॉक पुरतो. कागद कितीही हलका असो, रेष उमटते. फोटोचे तसे नाही. त्याचा हाफटोन ब्लॉक करावा लागतो, म्हणजे जाळीतून चित्राचे हजारो लहानमोठे ठिपके पाडावे लागतात, आणि युद्धकाळातल्या खरखरीत कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. तेव्हा फोटोग्राफरला आधीच ठरवावे लागे की चित्रात थोडेच ठेवावयाचे, ठळक ठेवावयाचे. जानांच्या दुष्काळी फोटोंत मला जो एक उघडेपणा दिसतो, म्हणजे मोकळे आकाश, जमिनीवर पसरलेली हाडे, एखादीच आकृती, त्याचे काही श्रेय शेजारी बसून रेषा ओढणाऱ्या मित्राला असावे असे मला वाटते. याला माझ्यापाशी पुरावा नाही. पण पाटीवाल्याशेजारी बसून मी गेटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो होतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. फक्त माझी फिल्म फिरत नव्हती!

फिल्म फिरत असली तरी ती जपून फिरवावी लागे. शिवाय खटका दाबल्यावर काय उमटले हे त्याच वेळी कळत नाही. चांदीच्या क्षारावर प्रकाशाचा ठसा पडतो, तो अंधाऱ्या खोलीत औषधात बुडवीपर्यंत कोणालाच दिसत नाही. समोर माणूस मरत आहे, आपल्या हातात भाकरी नाही, कॅमेरा आहे, आणि त्यात काही उमटले की नाही याचीही खात्री नाही. अशा वेळी खटका दाबावा की कॅमेरा खाली ठेवून त्या माणसाला उचलावे? आज हा प्रश्न सभांतून फार सहज विचारला जातो. मी विचारणाऱ्यांना दोष देत नाही, मलाही तो छळतो. पण लंगरखान्यांना धान्य लागते आणि धान्याला पैसे. जानांचे फोटो ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या साप्ताहिकात येऊ लागले. त्यांची पोस्टकार्डे छापली गेली आणि ती विकून दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमविला गेला. म्हणजे खटका दाबणे आणि उचलणे ही दोन कामे निदान तेथे अगदीच वेगळी राहिली नव्हती.

हे साप्ताहिक निघे मुंबईत, सँडहर्स्ट रोडवरच्या राज भुवनातून. तेथेच पक्षाचे लोक एकत्र राहात व जेवत. जाना मुंबईस आले, मागाहून चित्तप्रसादही आला. त्याच सुमारास मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य संस्था १९४३ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष कोण, तर आमचे कामगार पुढारी ना. म. जोशी! नाटकवाल्यांनी अध्यक्ष म्हणून कामगार संघटनेचा माणूस निवडावा, याचे आज नवल वाटते; तेव्हा वाटत नव्हते. अंधेरीला इप्टाचे मध्यवर्ती पथक होते, तेथे रविशंकरांनी संगीत दिले. इकडे अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. हजार मैलांवरच्या उपाशी माणसाची हाक गिरणगावात मराठीतून ऐकू आली, ती अशी.

चित्तप्रसादाने नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात पायपीट केली आणि आपली रेखाचित्रे व टिपणे यांचे ‘हंग्री बेंगाल’ नावाचे लहानसे पुस्तक केले. त्यात मरणाऱ्यांची नावे होती, गावे होती. माणूस आकड्यात हरवू नये याची काळजी त्याने घेतली होती. सरकारने पुस्तकाच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. एक पुस्तक छापखान्यातून उचलले की संपते. साप्ताहिकातून आणि पोस्टकार्डांतून घरोघर गेलेला फोटो गोळा कोण करणार? शिवाय निगेटिव्ह जानांपाशीच.

पुढे जानांचे नाव झाले. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाची प्रख्यात छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट हिंदुस्थानात आली, तेव्हा दक्षिणेतल्या दुष्काळी भागात ती दोघे बरोबर हिंडली. परंतु जी बैठक या सगळ्याच्या मुळाशी होती ती फार काळ टिकली नाही. १९४८ मध्ये पक्षाची धोरणे बदलली, जोशींना सरचिटणीसपदावरून दूर करण्यात आले, पुढे पक्षातूनही काढले. ज्यांना त्यांनी गोळा केले होते तेही एकेक करून बाजूला झाले. हे वाचताना मला संताप येतो, तो कोणत्या एका बाजूचा म्हणून नव्हे. माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिले आहे की संघटनेत भांडण लागले की पहिला बळी डफवाल्याचा आणि पाटीवाल्याचा जातो. आणि त्यांना परत बोलवावयास कोणीही जात नाही.

जाना कलकत्त्यास परतले. तेथे त्यांना नवी बैठक मिळाली. १९४७ मध्ये निघालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीच्या संस्थापकांत ते सत्यजित राय यांच्याबरोबर होते, आणि १९४९ मध्ये ‘द सेकंड क्रीचर’ हे त्यांच्या फोटोंचे पुस्तक निघाले त्याची मांडणी रायांनी केली होती. पोलादाचे कारखाने, खाणी, धरणे, आदिवासींची वस्ती, नर्तकी, सगळे त्यांनी टिपले. चित्तप्रसाद मात्र अंधेरीतच राहिला. लिनोवर कोरून ठसे काढी, मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करी. पैशाची ओढाताण कधी सुटली नाही. १९७८ मध्ये तो गेला.

‘हंग्री बेंगाल’ची एक प्रत त्याच्या घरच्यांनी लपवून ठेवली होती. कलकत्त्यातल्या एका बँकेच्या तिजोरीत ती होती. तिच्यावरून २०११ मध्ये दिल्लीत त्या पुस्तकाची हुबेहूब आवृत्ती निघाली. पुढच्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, अमेरिकेत बर्कली येथे सुनील जाना वारले; त्यांचे वय चौऱ्याण्णव होते.