गॅरेजचा परवाना आणि प्लेगचा वारसा

आपल्याच कुंपणाच्या आत, आपल्याच पैशाने, आपल्याच मोटारीसाठी एक आडोसा उभा करायचा तर त्याला परवानगी कशाला हवी, हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. घरांचे नकाशे तयार करून ते मंजुरीसाठी दाखल करण्याच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली. बंगल्याचा नकाशा मंजूर करून घ्यायला लोक मुकाट्याने येतात. तेच लोक दोन-चार वर्षांनी मोटार घेतात आणि गॅरेजसाठी मात्र गवंड्याला परस्पर बोलावतात. ‘अहो, ते काय बांधकाम आहे? नुसती पत्र्याची शेड तर आहे!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की त्याचे उत्तर शोधता शोधता मी जुन्या कायद्यांपर्यंत जाऊन पोचलो. कलमे पाठ करण्यापेक्षा त्यामागची हकीकत कळली, तर नियम समजणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. आज तीच हकीकत सांगणार आहे.

सुरुवात करू 1888 सालापासून. त्या वर्षी मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. या कायद्यात ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. घर तर त्यात आहेच. पण घराबाहेरची खोली, तबेला, शेड, झोपडी आणि अशा प्रकारचे कोणतेही बांधकाम त्यात येते. मग ते दगडाचे असो, विटांचे, लाकडाचे, मातीचे किंवा धातूचे. म्हणजे ‘नुसती पत्र्याची शेड आहे’ या युक्तिवादाला कायद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. त्या वेळी मुंबईत मोटार नव्हती. जर्मनीत कार्ल बेंझने मोटारीचे पेटंट घेतले, त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. परंतु श्रीमंतांच्या आवारात बग्गी आणि घोडे होते, त्यांच्यासाठी तबेले होते. मोटारी आल्या तशा त्याच जागेवर गॅरेजे आली. ‘गॅरेज’ हा शब्द मूळ फ्रेंच. आडोशाला ठेवणे, सुरक्षित जागी नेणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो तयार झाला. आपल्याकडे तो इंग्रजीमार्फत आला आणि गाडी ठेवायची जागा व गाडी दुरुस्त करायची जागा अशा दोन्ही अर्थांनी रुळला.

याच कायद्याच्या 337व्या कलमाने इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना आधी सूचना द्यावी असे बंधन घातले. असलेल्या इमारतीत वाढ किंवा फेरफार करायचा असेल, तर 342वे कलम. तरीही मुंबईत चाळीला चाळ लागत गेली. दोन इमारतींच्या मधे राहिली ती मोरीचे पाणी आणि मैला वाहून नेणारी चिंचोळी गल्ली. आतल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे.

सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. त्यानंतरचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. लोक शहर सोडून पळाले. 1897मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात घरतपासणीच्या जुलमातून असंतोष उसळला आणि 22 जून 1897च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सरकारी माणूस प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांच्या घरात शिरला आणि घराकडे रोगाचे ठिकाण म्हणून पाहू लागला. भिंतींना चुना फासला गेला. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली. मुंबईत काही घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. माणसांना राहण्यास अयोग्य, असा त्याचा अर्थ.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे शास्त्रज्ञांना पटायला पुढे काही वर्षे लागली. म्हणजे केवळ उजेड आणि वारा आला की प्लेग जातो, हा तेव्हाचा समज पुरता बरोबर नव्हता. पण कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत क्षय फोफावतो, हे खरे होते. त्यामुळे प्लेग ओसरला तरी उजेड-वाऱ्याचा आग्रह टिकून राहिला.

हा आग्रह अमलात आणण्यासाठी 1898मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती वसवणे ही तिची कामे. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा मोठा पाठपुरावा केला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. आकडा अवघड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर आपल्या खिडकीपुढे मोकळे असावे. समोर चाळीस फुटांची भिंत असेल, तर मधे वीस फूट आकाश हवे. तळमजल्यावरच्या खोलीलाही थोडा उजेड मिळावा, हा हेतू. आज आपण ज्याला ‘मार्जिन’ किंवा सरकारी मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतो, त्यामागे हा हिशेब आहे.

दादर-माटुंग्याच्या वसाहती ट्रस्टने या विचारानेच आखल्या. हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनीतून फिरताना इमारतीभोवतीची मोकळी जागा अजूनही जाणवते. 1930च्या दशकात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हला आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, तोवर मोटार ही उच्च मध्यमवर्गाच्या आवाक्यातली वस्तू झाली होती. तिथल्या अनेक इमारतींच्या मागच्या बाजूला गॅरेजे बांधलेली दिसतात. रस्त्याकडे दर्शनी भाग, मागे गाडीची सोय, ही पद्धत तेव्हा बसली आणि पुढे नियमांतही उतरली.

नियमांची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. 1915मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. देशातला तो पहिला. 1954च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याचे बंधन घातले. त्यानंतर 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला, जो आजही लागू आहे. त्याच्या 44व्या कलमाखाली अर्ज करायचा आणि 45व्या कलमाखाली परवानगी मिळते. घराच्या आतली दुरुस्ती, जिच्यामुळे बाहेरचे रूप फारसे बदलत नाही, तिला 43व्या कलमात सूट आहे. गॅरेज त्या सुटीत बसत नाही, कारण ते नवे बांधकाम ठरते. परवानगीवाचून बांधले, तर 53व्या कलमाची नोटीस येते आणि बांधकाम पाडावे लागू शकते.

आता प्रत्यक्ष गॅरेजच्या नियमाकडे येऊ. राज्यातल्या अनेक नगरपालिकांच्या जुन्या नियमावल्यांत त्यासाठी दोन-तीन ओळींचे कलम असे. बंद गॅरेजची उंची 2.4 मीटरपेक्षा जास्त नसावी. ते भूखंडाच्या मागच्या कोपऱ्यात असावे. मुख्य इमारतीला जोडून असेल, तर ते रस्त्याच्या रेषेपासून 7.5 मीटर आत असावे आणि त्याचे बांधकाम दोन तास आगीला तोंड देऊ शकेल असे असावे. शिवाय त्याचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये, मोजले जावे.

वरवर पाहता हे आकडे एखाद्या कारकुनाने मनाला येईल तसे लिहिले असावेत असे वाटते. पण एकेक आकडा घेऊन पाहा. मागचा कोपरा अशासाठी, की तिथे बांधलेल्या ठेंगण्या खोलीने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीचा उजेड सर्वांत कमी अडतो. 7.5 मीटर अशासाठी, की गाडी गॅरेजातून निघून थेट रस्त्यावरच्या माणसावर येऊ नये आणि दार उघडायला थांबलेली गाडी पदपथावर उभी राहू नये. दोन तासांची अट पेट्रोलमुळे. आणि 2.4 मीटर उंचीत तर मला विशेष शहाणपण दिसते. राहत्या खोलीची किमान उंची नियमांनुसार 2.75 मीटर लागते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गॅरेजची उद्या निजायची खोली करता येत नाही. नियम लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता!

कागदपत्रांची वाट मात्र सोपी नाही, हे मान्य केले पाहिजे. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा, मंजूर अभिन्यास, मूळ घराचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, परवानाधारक वास्तुविशारदाचा वाढीव बांधकामाचा नकाशा, कराची पावती असा जुडगा जमवावा लागतो. पुष्कळांचे घोडे अडते ते मूळ घराच्या भोगवटा प्रमाणपत्रापाशी. वीस वर्षे राहत असलेल्या घराला ते कधी घेतलेच नव्हते, हे गॅरेजच्या निमित्ताने कळते. मुंबईत तर भाषेचीही गंमत आहे. तिथे 1888च्या कायद्याच्या 346व्या कलमाखाली मिळणारा कागद ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना, या नावाने ओळखला जातो. त्यात घातलेल्या अटी पुऱ्या केल्या, की तीच नामंजुरी मंजुरीच्या वाटेवरची पहिली पायरी ठरते. एका गृहस्थांनी हा कागद हातात पडताच मला रडवेल्या आवाजात फोन केला होता. त्यांना ‘अभिनंदन’ म्हणालो, तर ते आणखीच चिडले.

2020च्या डिसेंबरात राज्याने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून सर्वत्र एकच विकास नियंत्रण नियमावली आणली. लहान भूखंडांसाठी परवान्याची पायरी सोपी झाली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही आपल्या गावाला कोणती नियमावली लागू आहे, हे काम काढण्याआधी नगररचना विभागात जाऊन विचारावे. शेजारच्या गावातल्या मेहुण्याने बांधले म्हणून आपणही तसेच बांधावे, हा हिशेब धोक्याचा आहे.

याच काळात गॅरेजचा आणखी एक प्रवास घडत होता, तो मालमत्तेच्या कायद्यात. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यात गॅरेज दिसते ते बाग, आवार आणि बाहेरच्या खोल्यांच्या रांगेत, घराचा पदर धरून. 1963च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यात मात्र ‘फ्लॅट’च्या व्याख्येतच गॅरेजचा समावेश झाला. आता ते विकण्याजोगे झाले. पुढे मोटारी वाढल्या, जागा सोन्याच्या झाल्या, आणि इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागाही ‘गॅरेज’ म्हणून विकली जाऊ लागली. हा वाद मुंबईतल्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2010मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की खांबांमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागेचा भाग आहे आणि विकासकाला ती वेगळी विकता येणार नाही. 2016च्या रेरा कायद्याने तर व्याख्याच करून टाकली. वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवायची जागा, ते गॅरेज.

महानगरपालिकेचा कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचे विषय वेगळे आहेत. तरी दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच दिसतो. मोकळी जागा कोणाची? आपल्या कुंपणाच्या आतली दहा फुटांची पट्टी सातबाऱ्यावर आपली असते. पण तिच्यावरून येणारा उजेड शेजारच्या आजींच्या खोलीत पडतो. त्याच पट्टीतून आगीच्या वेळी बंब किंवा निदान बंबाचे जवान आत शिरतात. मी अशा गल्ल्या पाहिल्या आहेत, जिथे पहिल्याने मार्जिनमध्ये शेड टाकली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. काही वर्षांत शेडीच्या भिंती झाल्या, भिंतींना शटर आले, आत शिंप्याचे दुकान किंवा दवाखाना थाटला गेला, आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. मोटारीसाठी गेलेली जागा मोटारीलाही राहिली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला गुंठाभर जागेवर डोक्यावर छप्परच कसेबसे घालता आले, त्याला सामासिक अंतराचा उपदेश करणे सोपे असते. अशा लाखो घरांसाठी 2001मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. नियम इतके जाड असू नयेत, की साध्या माणसाला ते ओलांडूनच जावे लागेल. मात्र ज्याच्याकडे बंगला आहे, मोटार आहे आणि वास्तुविशारदाची फी देण्याची ऐपत आहे, त्याला ही सबब पुढे करता येत नाही.

म्हणून माझ्याकडे गॅरेजसाठी येणाऱ्यांना मी एक सल्ला देतो. अर्ज करण्याआधी शेजाऱ्याच्या बाजूला जा, त्याच्या खिडकीपाशी उभे राहा आणि आपली भिंत कुठे येईल ते तिथून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच गॅरेज आपोआप मागच्या कोपऱ्यात सरकते. मग उरतात ते फक्त कागद, आणि ते जमवायला वेळ लागला, तरी जमतात.