पाऊलखुणेपासून मेमरी कार्डापर्यंत

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. रायगड, ठाणे आणि मुंबईतल्या असंख्य शाळांच्या सहली येथे येतात. मुलांना पक्षी दिसतात, वानरे दिसतात. पण सूर्य मावळल्यावर त्याच पायवाटांवरून कोण जाते? उदमांजर, साळिंदर, रानमांजर यांसारखे सह्याद्रीतील अनेक सस्तन प्राणी निशाचर आहेत. त्यांना पाहण्यासाठी माणसाने तेथे थांबावे, तर माणसाच्या वासानेच ते वाट बदलतात. म्हणून माणूस नसताना पाहणारा डोळा हवा. हा डोळा कसा घडला आणि त्याने पाहिलेले साठवायचे कशात, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

दोरी आणि चमक

अमेरिकेतील जॉर्ज शायरस हे मूळचे शिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. हरणाच्या वाटेवर त्यांनी दोरी ताणली. हरणाचा पाय दोरीला लागला की मॅग्नेशियमची भुकटी पेटे, लख्ख प्रकाश पडे आणि चित्र निघे. जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे छापली.

भारतात हे काम वनसेवेतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी केले. संयुक्त प्रांतातील जंगलात त्यांनी वाघाकडूनच वाघाची छायाचित्रे काढवून घेतली. त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. भुकटी एकदा पेटली की संपली, म्हणून एका सापळ्यातून एका रात्रीत एकच चित्र मिळे. पण त्या चित्रांनी एक महत्त्वाची गोष्ट उघड केली. आपल्या बोटांचे ठसे जसे निराळे, तसे प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे असतात. या माहितीचा मोजणीसाठी पद्धतशीर उपयोग व्हायला पुढे सहा-सात दशके लागली.

मोजणी चुकली तर

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. ही गणना पाऊलखुणांवर आधारलेली असे. ठशावर काच ठेवून आकृती गिरवायची, किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा, आणि साच्यांची तुलना करून वाघ वेगळे ओळखायचे. परंतु एकाच वाघाचा पाय वाळूत वेगळा उमटतो आणि चिखलात वेगळा. साचे पाहणारा माणूस बदलला की आकडाही बदलतो.

याचा परिणाम राजस्थानातील सरिस्का येथे दिसला. कागदावर तेथे वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला उघड झाले की शिकाऱ्यांनी ते संपवले आहेत. मोजणी सदोष असली की नुकसान झाल्याचेही वेळेवर कळत नाही.

याआधीच, १९९० नंतरच्या काळात, उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेरा सापळ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत बसवली होती. त्यांचा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागील गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळ्या वाघांची चित्रे मिळाली. दुसऱ्या फेरीतही २० मिळाली आणि त्यांतील १० पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत निम्मे वाघ सापडले असावेत. मग एकूण वाघ सुमारे ४०. प्रत्यक्षात गणित याहून बरेच गुंतागुंतीचे असते, पण त्याचा पाया हाच. २००६ च्या राष्ट्रीय गणनेत पाऊलखुणांची जुनी रीत सोडून कॅमेऱ्यांचा आधार घेतला गेला आणि वाघांचा अंदाज १,४११ वर आला. आकडा दुःखद होता, पण तो तपासून पाहता येत होता.

रोल संपतो तेव्हा

त्या काळच्या कॅमेऱ्यांत ३६ चित्रांचा रोल असे. वाटेने शेळ्यांचा कळप गेला की रोल संपला. नंतर वाघ आला तरी चित्र नाही, आणि हे कळायचे रोल धुतल्यावर. या अडचणीवरचा उपाय जंगलाशी काहीच संबंध नसलेल्या एका प्रयोगशाळेत तयार होत होता.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली एक नवी स्मृती जगापुढे मांडली. तिच्या प्रत्येक कप्प्यात चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असलेले एक सूक्ष्म बेट असते. जास्त विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन तो थर ओलांडून बेटावर जातात आणि दाब काढला की तेथेच अडकतात. बेट भरलेले की रिकामे, यावरून ० किंवा १ ओळखायचा. वीज बंद झाली तरी नोंद राहते. पुसताना मात्र कप्प्यांचा मोठा गट एकदम पुसला जातो. ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या चमकेची आठवण झाली आणि या स्मृतीला 'फ्लॅश' हे नाव मिळाले. शायरस यांच्या भुकटीची आठवण अशी नकळत मेमरी कार्डात येऊन बसली! १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली. टपालाच्या तिकिटाएवढे हे कार्ड आज बहुतेक कॅमेरा सापळ्यांत असते.

कार्ड कोणते घ्यावे?

परदेशात हे कॅमेरे मुख्यतः शिकाऱ्यांसाठी तयार झाले. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, म्हणून त्यांचा उपयोग अभ्यासासाठी होतो. कार्ड निवडताना मात्र दोघांचेही प्रश्न सारखेच.

पहिला प्रश्न क्षमतेचा. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे एसडीएचसी प्रकारची आणि त्यावरची एसडीएक्ससी प्रकारची असतात. जुने कॅमेरे दुसरा प्रकार वाचू शकत नाहीत, म्हणून आधी कॅमेऱ्याची मर्यादा पाहावी. आता हिशेब करू. एक चित्र ४ मेगाबाइटचे धरले, तर ३२ गिगाबाइटमध्ये ८,००० चित्रे मावतात. कॅमेरा दर वेळी तीन चित्रे काढत असेल, तर सुमारे २,६६० वेळा. हा कॅमेरा उष्णतेतील हालता फरक ओळखतो. उन्हाने तापलेले एखादे पान त्याच्यासमोर मिनिटाला एकदा हलत राहिले, तर कार्ड ४४-४५ तासांच्या उघडिपीतच भरेल. तेव्हा मोठे कार्ड घेण्याआधी समोरचे गवत काढणे स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न वेगाचा. कार्डावर वर्तुळात १० हा आकडा असेल, तर ते सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहून घेते. साध्या चित्रांना एवढे पुरते. त्याहून वेगवान कार्डासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न खरेपणाचा. बाजारात आत लहान चिप आणि वर मोठा आकडा अशी बनावट कार्डे मिळतात. जागा संपल्यावर ती चित्रे गिळत जातात. नवे कार्ड संगणकावर पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणे हीच त्याची परीक्षा. शिवाय प्रत्येक लेखनात तो विद्युतरोधक थर थोडा झिजतो. म्हणून जुने कार्ड वेळीच बाद करावे. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, कडेची कुलपाची खिट्टी उघडी असल्याची खात्री करावी आणि कार्डावर जागेचा क्रमांक लिहावा. कोकणच्या पावसात कॅमेऱ्याच्या पेटीत सिलिका जेलची पुडी हवीच.

एका कार्डात काय काय असते

२०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३,४८,५८,६२३ चित्रे मिळाली. वाघांची चित्रे ७६,६५१. म्हणजे सुमारे ४५५ चित्रांमागे एक. महाराष्ट्रातही या कॅमेऱ्यांनी समजुती बदलल्या. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकोले भागातील शेतीच्या प्रदेशात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. तेथे राखीव जंगल नव्हे, उसाची शेते होती. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे ओळखले गेले.

पण उरलेल्या चित्रांत माणसेही असतात. कॉर्बेट परिसरातील कॅमेऱ्यांविषयी केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांच्या धाकाने तेथील स्त्रिया जंगलात गाणे आणि मोठ्याने बोलणे टाळू लागल्या, असे त्यात दिसले. वन्य प्राणी दूर राहावेत म्हणून तर त्या गात असत. पनवेल तालुक्यातील कातकरी आणि ठाकूर बायाही फाट्यांसाठी, रानभाज्यांसाठी रानात जातात. कार्ड कोण काढणार, माणसांची चित्रे कोण पाहणार आणि ती कधी पुसणार, हे कॅमेरा लावण्याआधी ठरवणे आणि गावाला सांगणे हादेखील विज्ञानाच्या शिस्तीचाच भाग आहे.

अभयारण्यात कॅमेरा लावायला वनखात्याची परवानगी लागते. वर्गात मात्र हा प्रयोग वालाच्या दाण्यांवर करता येईल. एका डब्यात न मोजता दाणे घ्या. मूठभर काढून, मोजून त्यांवर शाईची खूण करा आणि परत मिसळा. दुसरी मूठ काढून तीत खुणेचे किती आले ते मोजा. दोन्ही मुठींतील दाण्यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला खुणेच्या दाण्यांनी भागा. येणारे उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहा. नंतर मूठ मोठी करून पाहा, आणि अंदाज का सुधारतो ते मुलांनाच विचारा.