झोंबी मालिकांमधले तर्क कुठे फसतात? 'द वॉकिंग डेड' ते 'किंगडम'

(सूचना : या लेखात काही मालिकांमधील महत्त्वाच्या घटना उघड केल्या आहेत.)

मेलेला माणूस उठून चालू लागतो, हे प्रेक्षक बिनतक्रार मान्य करतात. पण त्याच मालिकेत जग बुडून दोन वर्षे झाल्यावरही एखाद्या घरासमोरचे गवत नीट कापलेले दिसले, की लगेच त्यावर मीम तयार होते. एवढी मोठी थाप पचते आणि गवत का खटकते?

वास्तवता वेगळी, सातत्य वेगळे

इंग्रजी कवी कोलरिज याने १८१७ मध्ये एक कल्पना मांडली होती. कथेचा आनंद घेण्यासाठी वाचक आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो, अशी ती कल्पना. झोंबी मालिका याच सवलतीवर उभ्या असतात. मात्र ही सवलत एका अशक्य गोष्टीपुरती असते. 'मेलेली माणसे चालतात' एवढे सोडून बाकीचे जग आपल्यासारखेच असेल, असे प्रेक्षक गृहीत धरतो.

त्यामुळे तक्रारी दोन प्रकारच्या असतात. 'हे खऱ्या जगात होऊ शकत नाही' ही वास्तवतेची तक्रार. 'तुम्हीच ठरवलेला नियम तुम्ही मोडला' ही सातत्याची तक्रार. दुसरी जास्त गंभीर असते.

विज्ञान काय सांगते?

स्नायूंच्या हालचालीला ऊर्जा लागते आणि त्यासाठी रक्तातून ऑक्सिजन मिळत राहावा लागतो. मृत्यूनंतर हा पुरवठा थांबतो. काही तासांत शरीर ताठरते आणि पुढे कुजू लागते. 'द वॉकिंग डेड'ची कथा सुरू होते त्या अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या उष्ण, दमट हवेत उघड्यावर पडलेले प्रेत काही आठवड्यांतच सांगाड्यापर्यंत पोहोचू शकते. वर्षानुवर्षे चालणारे झोंबी शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत.

काही लेखकांनी यातून वाट काढली. '२८ डेज लेटर' (२००२) या चित्रपटातले लोक मेलेले नसून विषाणूने पिसाळलेले जिवंत लोक आहेत. त्यामुळे ते उपासमारीने मरतात. 'द लास्ट ऑफ अस' (२०२३) या मालिकेने बुरशीचा आधार घेतला. मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांच्या हालचालींवर ताबा मिळवणारी बुरशी निसर्गात खरोखर आहे. माणसाच्या शरीराचे तापमान अशा बुरशीला मानवत नाही. ही अडचण मालिका पहिल्याच प्रसंगात सांगते आणि पृथ्वी तापली तर बुरशी उष्णतेशी जुळवून घेईल, अशी शक्यता मांडते.

पेट्रोल, सलाइन आणि गवत

'द वॉकिंग डेड' ऑक्टोबर २०१० ते नोव्हेंबर २०२२ या काळात ११ सीझन चालली. तिच्याबद्दल सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न पेट्रोलचा आहे. साठवलेले पेट्रोल काही महिने ते वर्षभरात खराब होते. त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यात चिकट गाळ तयार होतो. गाडीची बॅटरीही उभ्या उभ्या उतरते. तरीही मालिकेतल्या गाड्या बरीच वर्षे धावत राहिल्या. नवव्या सीझनमध्ये मात्र घोडे आणि घोडागाड्या आल्या. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये जोएल सांगतो की जुने पेट्रोल जवळजवळ पाण्यासारखे झाले आहे, त्यावर गाडी जेमतेम तासभर चालते. एका वाक्यात शंका मिटते.

दुसरा प्रश्न नायक रिकचा. तो कोमातून जागा होतो तेव्हा शेजारची फुले वाळून गेली आहेत आणि रुग्णालय ओसाड आहे. सलाइनची बाटली काही तासांत संपते आणि पाण्याशिवाय माणूस साधारणपणे काही दिवसच तगतो. मग इतके दिवस रिक जगला कसा, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

झोंबींचे बदलते नियम

पहिल्या सीझनमध्ये एक झोंबी मुलगी जमिनीवरचे खेळणे उचलते, एक झोंबी बाई दाराची मूठ फिरवून पाहते, तर अटलांटातले झोंबी दगडाने दुकानाची काच फोडतात. पुढच्या सीझनमध्ये ही अक्कल गायब होते. साधे कुंपणही झोंबींना अडवते. अखेर अकराव्या सीझनमध्ये चढणारे आणि दार उघडणारे झोंबी पुन्हा दिसले आणि ते 'वेगळ्या प्रकारचे' असल्याचे सांगण्यात आले.

दुसरे उदाहरण आतड्यांचे. दुसऱ्याच भागात रिक आणि ग्लेन झोंबीची आतडी अंगाला फासून गर्दीतून चालत जातात. वासामुळे झोंबी फसतात, हा नियम ठरला. मग पुढच्या प्रत्येक संकटात ही युक्ती का वापरली जात नाही? पावसात ती धुऊन जाते, एवढी मर्यादा मालिका दाखवते. पण तेवढ्याने सगळ्या प्रसंगांचा खुलासा होत नाही.

सर्वात मोठा राग कशाचा?

पेट्रोल आणि गवतावर लोक हसले. ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र ते चिडले. ग्लेन झोंबींच्या गर्दीत पडला आणि तो मेला असेच दृश्य दाखवले गेले. श्रेयनामावलीतून अभिनेता स्टीव्हन यून याचे नावही काढले गेले. काही आठवड्यांनी ग्लेन कचऱ्याच्या मोठ्या पेटीखाली सरकून वाचल्याचे दाखवले.

या प्रकारच्या कथेत 'कोणीही, कधीही मरू शकतो' ही भीतीच प्रेक्षकाला धरून ठेवते. मृत्यू खोटा निघाला की पुढच्या मृत्यूवर विश्वास बसत नाही. पुढच्या वर्षी ग्लेन खरोखर मेला, तेव्हा दुःखाबरोबर 'आपल्याला खेळवले जात आहे' ही भावनाही अनेकांच्या मनात होती.

नियम पाळूनही धक्का देता येतो

कोरियन मालिका 'किंगडम' (२०१९) जोसॉन राजवटीच्या काळात घडते. तिथले झोंबी दिवसा निपचित पडतात आणि रात्री उठतात. सगळ्यांना वाटते, ते उन्हाला घाबरतात. पहिल्या सीझनच्या शेवटी कळते की खरे कारण ऊन नसून तापमान आहे, आणि आता थंडी सुरू झाली आहे. हा धक्का बसतो, पण आधीचा एकही प्रसंग खोटा ठरत नाही.

मराठीत 'झोंबिवली' (२०२२) या चित्रपटाने डोंबिवलीत झोंबी आणले. विनोदी चित्रपट असूनही त्याने आजाराचे कारण दूषित पाण्याशी जोडले. पाण्याची ओढाताण ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते परके वाटत नाही.

थोडक्यात, झोंबी खरे वाटण्यासाठी विज्ञान अचूक असण्याची गरज नसते. सुरुवातीला सांगितलेला नियम शेवटपर्यंत पाळावा लागतो, आणि तो बदलायचा असेल तर त्याचे कारण प्रेक्षकाला द्यावे लागते.