फोर्ड पिंटो : अकरा डॉलरांचा हिशेब

१/ अकरा डॉलर वाचवण्यासाठी फोर्ड कंपनीने माणसे जळू दिली, ही कथा अमेरिकेत १९७७ पासून सांगितली जाते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांतही ती शिकवली जाते. कथेचा गाभा खरा आहे; मात्र तिचा सर्वांत गाजलेला पुरावा चुकीचा वाचला गेला आहे. मोटारींच्या इतिहासातील एका कुप्रसिद्ध मॉडेलविषयी हा थ्रेड.

२/ १९६० च्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगनची बीटल आणि जपानी बनावटीच्या छोट्या गाड्या अमेरिकी बाजारात पाय रोवू लागल्या होत्या. फोर्डचे ली आयकोका यांनी त्यावर उत्तर म्हणून दोन मर्यादा घालून दिल्या : वजन २,००० पौंडांच्या (सुमारे ९०७ किलो) आत आणि किंमत २,००० डॉलरांच्या आत.

३/ नवी मोटार कागदावरून रस्त्यावर येण्यास त्या काळी साधारण साडेतीन वर्षे लागत. पिंटोला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यामुळे आराखडा पक्का होण्यापूर्वीच साचे आणि यंत्रसामग्री यांचे काम सुरू झाले. चाचणीत दोष सापडला तर तयार साचे मोडावे लागणार होते. सप्टेंबर १९७० मध्ये गाडी विक्रीस आली.

४/ दोष पेट्रोलच्या टाकीच्या जागेत होता. टाकी मागच्या आसाच्याही मागे बसवलेली होती. ही रचना त्या काळी सर्रास आढळे; परंतु पिंटोत टाकी आणि आस यांच्यातील मोकळी जागा अवघी नऊ-दहा इंच होती आणि मागचा बंपर अगदी नाजूक होता. मागून धडक बसताच टाकी पुढे रेटली जाई आणि डिफरन्शियलवरील बोल्टची डोकी तिच्यात घुसत. पेट्रोल भरण्याची नळीही उखडून येई.

५/ कंपनीला हे ठाऊक होते. तिच्या स्वतःच्या चाचण्यांत ताशी सुमारे २१ मैल (३४ किमी) वेगाच्या धडकेतही टाकी फुटून पेट्रोल गळत होते. टाकीभोवती संरक्षक आवरण, टाकीच्या आत रबरी पिशवी, किंवा टाकी आसाच्या वर बसवणे असे उपाय उपलब्ध होते. त्यांचा खर्च गाडीमागे काही डॉलर ते पंधरा डॉलर इतकाच होता. ते पुढे ढकलले गेले.

६/ मे १९७२. कॅलिफोर्नियातील एका महामार्गावर एक पिंटो बंद पडली आणि मागून आलेली मोटार तिच्यावर आदळली. गाडीने पेट घेतला. चालक महिलेचा काही दिवसांनी मृत्यू झाला. शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. पुढील अनेक वर्षे त्याच्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होत राहिल्या.

७/ आता त्या गाजलेल्या हिशेबाकडे वळू. १९७३ च्या एका टिपणात फोर्डने असे मांडले होते :
१८० मृत्यू, प्रत्येकी २ लाख डॉलर;
१८० जण भाजलेले, प्रत्येकी ६७ हजार;
२,१०० जळालेली वाहने, प्रत्येकी ७००.
एकूण नुकसान ४.९५ कोटी डॉलर. दुरुस्तीचा खर्च १.२५ कोटी वाहनांवर प्रत्येकी ११ डॉलर, म्हणजे सुमारे १३.७ कोटी. निष्कर्ष : दुरुस्ती परवडत नाही.

८/ १९७७ मध्ये 'मदर जोन्स' मासिकात मार्क डाऊई यांनी हे टिपण प्रसिद्ध केले आणि देशभर संताप उसळला. माणसाच्या जिवावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली पाहून वाचक हादरले.

९/ येथे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. ते टिपण एकट्या पिंटोविषयी नव्हतेच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारी आणि हलके ट्रक त्यात धरले होते. विषयही मागून बसणाऱ्या धडकेचा नसून वाहन उलटल्यावर होणाऱ्या गळतीचा होता. ते सरकारी सुरक्षा यंत्रणेला सादर करण्यासाठी तयार झाले होते आणि जिवाची २ लाखांची किंमत त्या यंत्रणेच्याच आकडेमोडीतून घेतलेली होती.

१०/ मग फोर्ड निर्दोष ठरते काय? नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने त्या भाजलेल्या मुलाला नुकसानभरपाईखेरीज १२.५ कोटी डॉलर दंडात्मक भरपाई देऊ केली. न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली. १९८१ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही ती कायम ठेवली. कंपनीला दोष माहीत होता आणि स्वस्त उपायही माहीत होता, हे या निकालाचे मर्म होते.

११/ जून १९७८ मध्ये फोर्डने सुमारे १५ लाख पिंटो आणि तिच्या जुळ्या बॉबकॅट गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या. दुरुस्ती काय होती? टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे आवरण, आणि अधिक लांब नळी.

१२/ दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, इंडियानात एका व्हॅनने पिंटोला मागून धडक दिली आणि आतील तीन तरुण मुली जळून मरण पावल्या. त्यांच्या गाडीची दुरुस्ती झालेली नव्हती. राज्याने थेट कंपनीवरच बेपर्वाईने मनुष्यवधाचा फौजदारी खटला भरला. मार्च १९८० मध्ये ज्यूरीने फोर्डला निर्दोष ठरवले. त्याच वर्षी पिंटोचे उत्पादन थांबले. तोवर तीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

१३/ बळी किती? 'मदर जोन्स'ने किमान ५०० म्हटले होते. १९७८ मध्ये सरकारी तपासात २७ मृत्यूंची नोंद झाली. एकूण अपघाती मृत्यूंचा विचार करता पिंटो इतर छोट्या गाड्यांच्याच पंक्तीत बसते. मागून बसलेल्या धडकेत लागणाऱ्या आगीच्या बाबतीत मात्र ती खरोखरच अधिक घातक होती.

१४/ पिंटो बाजारात आली तेव्हा मागून बसणाऱ्या धडकेत टाकी टिकली पाहिजे, असा कोणताही सरकारी नियम नव्हता. तो १९७७ च्या मॉडेलांपासून लागू झाला आणि तो लांबावा म्हणून झटणाऱ्यांत फोर्डही होती. कायदा मोडल्याचा पुरावा शोधणाऱ्यांच्या हाती म्हणूनच फारसे काही लागत नाही. कायदा मागत नाही तोवर ज्ञात धोका तसाच ठेवायचा, हा निर्णय मात्र चाचण्यांच्या नोंदींतून स्पष्ट दिसतो. पिंटोचा खरा अपराध तोच आहे.