शब्दाखालची नागमोडी रेघ

काही वर्षांपूर्वी माझी एक कविता मासिकात आली, तेव्हा 'पाऊल'च्या जागी 'पाऊस' छापला गेला. मी खट्टू झालो. पुढे एका कार्यक्रमात एका मुलीने ती 'पाऊस' म्हणूनच म्हटली आणि लोकांनी नेमकी त्याच ओळीला दाद दिली! मग खरी कविता कोणती?

एका शब्दाची ही गत, तर महाभारताचे काय झाले असेल? शतकानुशतके ते हातांनी उतरवले गेले. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांत. कुठे लेखनिकाची नजर चुकली, कुठे भाविकाने भर घातली. दोन पोथ्या जुळेनात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये या साऱ्या पोथ्या ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला संस्कृतकडे वळलेला हा माणूस. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत छापील श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली मांडायचा. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी अशा पन्नास पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या!

निवाडा कसा करायचा? काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी. मधे सारा देश, लिप्याही वेगळ्या. तरी दोघींत एकच पाठ असेल, तर तो जुना. एखादा प्रसंग दोघींतही नसेल, तर तो मागाहून आलेला. या कसोटीवर व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेताहेत, ही आपली लाडकी कथाही मूळ संहितेतून बाजूला झाली. सभापर्व अमेरिकेचे फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले, १९४४ मध्ये. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेत राहिला नाही.

ऐकून मन दुखावते. पण वगळलेले काही फेकून दिलेले नाही. लहान पाठभेद तळटीपांत आहेत, मोठे भाग परिशिष्टांत. कुणालाही ते पाहता येतात, आणि संपादक चुकला असे म्हणताही येते. याहून मला मोठी वाटते ती एक लहानशी खूण. जिथे निवडलेल्या शब्दाची पुरेशी खात्री नाही, तिथे त्याखाली नागमोडी रेघ आहे. एवढ्या विद्वत्तेने आपला संशय झाकला नाही, छापला!

सुखटणकर १९४३ मध्ये गेले. डॉ. बेलवलकर आणि पुढे डॉ. प. ल. वैद्य यांनी काम चालू ठेवले. १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण आवृत्ती प्रकाशित झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली.

आज आपण ऐकीव ओळीवरून भांडायला उठतो. हे कुठल्या पोथीतले, असे आधी विचारत नाही. विचारले तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

माझ्या संग्रहात मी वर 'पाऊल'च ठेवला. खाली टीप दिली : 'पाऊस' असाही पाठ आहे.